आटपाडीचा वरवंटा

माझा विषय ग्रॅनाइट. राहते सांगलीत, माहेर साताऱ्याजवळच्या गावात. या सगळ्या पट्ट्यात कुठेही पाय ठेवा, खाली काळा कातळ, म्हणजे थिजलेला लाव्हा. ग्रॅनाइट त्याच्याही खाली, फार खोल गाडलेला. त्यामुळे आमच्याकडे कुणी पाहिलेली नाही अशा गोष्टीचा अभ्यास करण्यात माझी वर्षं गेली. नातेवाइकांच्या लेखी ग्रॅनाइट म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. घर बांधलं की मला दुकानात नेतात आणि काळ्याभोर फरशीवर हात फिरवून विचारतात, हा चांगला का? तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. पूर्वी मी तसं सांगायचे. त्यावरून एक मावशी कायमची रुसली, तेव्हापासून नुसतं चांगला आहे म्हणते.

पृथ्वी तरुण असताना तिच्या अंगावर बहुतेक काळाच खडक होता. तो खाली दबून अर्धवट वितळला, त्यातला हलका भाग दुधावर साय यावी तसा वर आला आणि निवून ग्रॅनाइट झाला. हलका म्हणून तो पुन्हा बुडाला नाही. असे तुकडे एकमेकांना चिकटत गेले आणि त्यांची खंडं झाली. आपल्या पायाखालचा हा पाया नेमका कधी घडला, एवढंच मला शोधायचं आहे. त्यासाठी त्याचा एक तुकडा हाती लागायला हवा. तितकं खोल भोक पाडायला आमच्या कॉलेजकडे शुभेच्छांखेरीज काही नाही. मग उरतं नशीब. लाव्हा वर येताना क्वचित खालच्या ग्रॅनाइटचा एखादा तुकडा ओढून आणतो. त्या तुकड्यापायी मी कितीतरी ओढे आणि खाणी पालथ्या घातल्या. एकदा सांगलीत हळदीच्या गोदामासमोर तसला दगड दिसला आणि मी रिक्षा थांबवली. तो रस्त्याच्या कामासाठी ट्रकमधून आलेला होता.

वहिनीच्या डोहाळजेवणाला घरी गेले होते. मिक्सर असतानाही आई खर्डा पाट्यावरच वाटते. वाटून झाल्यावर तिने वरवंटा धुऊन उन्हात ठेवला. ओला दगड मी पहिल्यांदाच नीट पाहिला. पांढुरका, त्यात काळे ठिपके, मधूनच अभ्रकाची चमक. पर्समधून भिंग काढलं. ग्रॅनाइट. आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, त्याला गोप्या म्हणतात. माझ्या बारशाला हाच गोप्या होता. म्हणजे रानोमाळ शोधत असलेल्या वस्तूच्या पाठोपाठ मी पाळण्यात गेले होते आणि मला पत्ता नव्हता.

कुठून आणला, असं विचारलं. आई नेहमी सांगायची तेच म्हणाली, तिच्या माहेरचा, आटपाडीचा, तिच्या वडलांनी ओढ्यातून आणलेला. मला आनंदाने रडू आलं. आईला वाटलं, मिरचीचा हात डोळ्याला लागला.

पुढचे कित्येक रविवार मी एसटीने आटपाडीला गेले आणि तो ओढा चालले. ओढ्यात पाणी नव्हतं, दगड भरपूर होते, सगळे काळे. खरं तर वरवंटा इतका गुळगुळीत होता की तो मोठ्या वाहत्या नदीतलाच असायला हवा होता. ही शंका मला आली होती. ती मी आईच्या चटण्यांवर ढकलली. इतकी वर्षं वाटून दगड झिजणारच.

शेवटी वरवंट्याचीच एक चकती कापून घ्यायचं ठरवलं आणि माहेरी जाऊन रात्री जेवताना विषय काढला. चकतीचा चुरा करायचा, त्यात झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण सापडतात, त्यावरून दगडाचं वय कळतं. इथला असेल तर अब्जावधी वर्षांचा निघेल, हिमालयाकडचा असता तर काही कोटींचा. त्यात लपवाछपवी चालत नाही, असंही मी अभिमानाने सांगितलं. आबांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, घास हातातच राहिला. आईने साफ नाही म्हटलं. नातवाचं बारसं तोंडावर आलेलं, चकती कापलेला गोप्या तिला चालणार नव्हता. मी बरंच समजावलं, शेवटी चिडून पानावरून उठले. जगात कुणाकडे नाही ती वस्तू आमच्या घरात होती आणि तिच्याकडून घरचे मिरच्या वाटून घेत होते.

सकाळी आबांनी मला विहिरीकडे नेलं. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सरळ उभे राहिल्याशिवाय त्यांना महत्त्वाचं बोलता येत नाही. ते सरळ उभे राहिले.

"पोरी, त्यो दगड कापू नगंस. आटपाडीचा न्हाई त्यो, लडाखचा हाय."

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीतली गोष्ट. आई माहेरी होती. आबांनी येताना अक्रोड आणले होते आणि ते फोडायला घरात दुसरं काही सापडेना. आईच्या माहेरचा वरवंटा मधोमध फुटला. दोन्ही तुकडे त्यांनी याच विहिरीत टाकले, वरवंटा पाथरवटाकडे टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने खडबडीत करायला, दिलाय असं घरी सांगितलं आणि ड्यूटीवर निघून गेले. पुढच्या सुट्टीला तिकडच्या नदीतला एक गोटा ट्रंकेतून घेऊन आले आणि म्हणाले, हा घ्या, टाकी लावून आणला.

"तिला कधी कळू दिलं न्हाई," आबा म्हणाले. "तू बी बोलू नगंस."

मला वाईट वाटलं. आबांबद्दल नाही, माझ्या संशोधनाबद्दल. लडाखचा ग्रॅनाइट लडाखमध्ये डोंगरच्या डोंगर आहे, त्यासाठी आटपाडीचा ओढा चालायची गरज नव्हती.

घरात येऊन आईला म्हटलं, चकती नको, राहू दे. ती पाट्यापाशी लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"आबांनी सांगितलं व्हय?"

मी समोरचा एक गड्डा उचलून सोलायला लागले. तेवढं तिला पुरलं.

आई म्हणाली, तिचा वरवंटा काळा होता. टाकी लावून काळ्याचा पांढरा होत नाही, एवढं तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. मग इतकी वर्षं सगळ्यांना आटपाडीचा म्हणून का सांगत होतीस, असं मी विचारलं. तिने लसणीची सालं गोळा केली.

"एवढ्या लांबनं, बर्फातनं. फौजेचं कांबळं तिथंच ठिवून ट्रंकेत दगड घालून आल्याला माणूस. त्येला काय बोलायचं?" आणि मग, "आबांना सांगू नगंस, मला ठाव हाय म्हणून. उगं लाजंल."

मला भरून आलं. या वेळी मिरची नव्हती, म्हणून आईने लसणीचं निमित्त काढून तोंड धुवायला पाठवलं.

बारशाला घर भरलं होतं. आईने वरवंट्याला तेल लावलं, नवी कुंची घातली. गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आजी पुढे झाल्या. त्यांनी कुंची जरा वर करून दगड पाहिला आणि मला विचारलं, "तू दगडाचं शिकलीयास न्हवं? कुठला गं ह्यो?"

आबा दाराशी उभे होते, सरळ. आई कुंचीचा बंद बांधत होती, तिचे हात थांबले.

"आटपाडीचा," मी म्हणाले.

"व्हय, ओढ्यातला," आबा दारातून म्हणाले.

आईने बंदाची गाठ मारली आणि दगड पाळण्यात निजवला.

"सांगत व्हतेच की मी," ती आजींना म्हणाली.