बूच काढायचं होतं

खोत सर काचेच्या चंबूशी बोलायचे, आणि तेही अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "वाढ की सावकाश! कुठं पळतोयस?" शेजारच्या वर्गातून मी ओरडायचे, "सर, इथं शिकवणं चाललंय!" "मग शिकवा की, मॅडम. तुमचं तोंड धरलंय का मी?"

चंबूत त्यांचा ब्रश-पॉलिमर वाढत असे. एक लांब रेणुसाखळी आणि तिच्यावर दाटीनं कलमं, बाटली घासायच्या ब्रशासारखी. हवा काढून नायट्रोजन भरला की सगळी कलमं एकसारखी वाढतात. बूच काढलं की हवा शिरते, द्रावण हिरवं पडतं आणि वाढ थांबते. फार वेळ ठेवलं तर कलमं एकमेकांत गुंततात, चंबूतच खरवस जमतो. विद्यार्थी "अजून थोडं वाढू दे" म्हणाले की सर कडाडायचे, "हाव करू नगा! काढा बूच!"

हा सगळा खटाटोप सरांच्या आईच्या गुडघ्यांसाठी होता. शाहूवाडीकडे भातलावणीत वाकून तिचे सांधे झिजलेले. हा पॉलिमर पाणी धरून बुळबुळीत होतो, म्हणून त्याचं सांध्यात घालायचं वंगण करायचं, हा सरांचा ध्यास. एकदा आई कोल्हापुरात आली तेव्हा त्यांनी तिला चंबू दाखवला. म्हातारी फटकन म्हणाली, "आदी तू घराकडं येत जा की रं. वंगण मागनं आण." सर आणि मी, दोघंही हसलो.

गेल्या उन्हाळ्यात गावाहून सरांच्या भावाचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या प्रयोगशाळेतच होते. आईला धाप लागली होती, सर कधी येतात म्हणून ती सारखी विचारत होती. नेमकं त्याच दिवशी द्रावण कधी नव्हे इतकं छान दाटत आलं होतं.

"अहो, बूच काढा आणि निघा!" मी जवळजवळ खेकसलेच.

"थोडकंच ऱ्हायलंय, मॅडम. एवढं हुंदे."

दुपार कलल्यावर त्यांनी बूच काढलं आणि ते गावाकडे निघाले. मलकापूरच्या अलीकडेच भावाचा दुसरा फोन आला. आई गेली होती.

पॉलिमर मात्र असा उतरला, की तसा आम्हाला पुन्हा जमला नाही. थेंबभर चोळला तर बोटावर बोट ठरत नव्हतं. दिवसकार्य उरकून सर परत आले, पण त्यांनी त्या पॉलिमरची बाटली हातातही घेतली नाही. फार वाईट वाटायचं हो! एवढा दणदणीत माणूस चंबूशीसुद्धा बोलेनासा झाला. पुढं मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते गावी निघाले.

निरोपाच्या दिवशी मी काहीबाही बोलत होते. ते माझ्याकडे बघतही नव्हते. दारात थांबून हळूच म्हणाले, "मॅडम, नुस्तं बूच काढायचं हुतं की वो."