विसण

रत्नागिरीत बंदराकडे जांभ्या दगडाची एक जुनी इमारत होती. बिऱ्हाडं पुष्कळ, पण आंघोळीच्या पाण्याचा हंडा सगळ्यांत मिळून एकच, मागच्या पडवीत चुलाणावर बसवलेला.

खालच्या मजल्यावरच्या मालिनीबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. लग्न राहून गेलं होतं, आणि त्याची चौकशी करणारी माणसंही एकेक करून थकली होती. रोज सकाळी त्या बादली घेऊन पडवीत जायच्या, तेव्हा वरच्या मजल्यावरचे भास्करराव तिथे असायचेच. कस्टममधले कारकून, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. ते बाईंच्या बादलीत कढत पाणी ओतायचे आणि थंड पाण्याचा तांब्या हातात धरून विचारायचे, "विसण घालू?"

"घाला थोडं."

झालं. बोलणं एवढंच. पण बाईंचा सगळा दिवस त्या तांब्यावर निघायचा. वर्गभर मुलींवर डाफरणाऱ्या या बाईंना त्यापुढे एक वाक्य सुचू नये, याला काय म्हणावं!

सत्त्याऐंशी साली मालकांच्या डोक्यात सुधारणा शिरली. घरोघर न्हाणी, न्हाणीत गिझर, छताला पंखे. चुलाण उखडलं, हंडा मोडीत गेला. लोक हरखले. वाऱ्यासाठी सताड उघडी असणारी दारं पंखे आल्यावर बंद राहू लागली. भास्कररावांच्या वहाणा जिन्यात वाजायच्या, त्या बाईंना आता दाराआडूनच ऐकाव्या लागत. बटण दाबलं की गरम पाणी मिळत होतं, आणि बाईंना आंघोळच नकोशी झाली होती.

एका रविवारी दार वाजलं. भास्करराव उभे होते, हातात रिकामा तांब्या.

"गिझरचं पाणी फार कढत येतं हो," ते म्हणाले. "विसणाला थोडं पाणी मिळेल काय?"

बाई गडबडल्या. जन्मभर मुलींच्या चुका सुधारलेली जीभ ती, तिनं आपलं काम केलं.

"थंडाचा नळ आहे की तुमच्याकडे. गिझरच्या शेजारीच."

"आहे खरा," भास्करराव म्हणाले. "ध्यानातच आलं नाही."

बाईंना उमगलं तेव्हा वरचं दार लागलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पंखा बंद केला, दार सताड उघडलं आणि उंबऱ्याशी थंड पाण्याचा तांब्या भरून ठेवला. रोजच ठेवू लागल्या. भास्करराव येताजाता तांब्याकडे बघत, मान लववत आणि पुढे जात. मागत मात्र कधी नसत. नळ होता ना त्यांच्याकडे. बाईंनीच तर सांगितलं होतं.