खोट्या गुरुवारची खिचडी

अन्याय माझ्या मामीवर झाला. गेल्या वैशाखातल्या एका गुरुवारी, दुपारी पाऊणच्या सुमाराला, वेल्ह्याकडच्या तिच्या घरासमोर घातलेल्या मांडवात. करणाऱ्या दोघी होत्या, माझी आई आणि मी. मामीला त्याचा पत्ताही नव्हता.

मला कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, पोटात पिळा पडतो, दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागतं आणि संडासातून रक्त जातं. हे एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली. हायवेच्या कडेला बायकांसाठी संडास हवेत म्हणून पत्रकं लिहिणारी, किकवीच्या सभेत माईक धरून तोच शब्द वीसदा उच्चारणारी मी. माईकवर तो शब्द सगळ्यांचा होता. घरात तो माझ्या एकटीचा होता.

माझ्या जेवणातून एकेक गोष्ट गेली. भाकरी गेली. शेंगदाणे, तीळ, हिरवी मिरची, मेथी, काकडीची कोशिंबीर, दूध, सगळं गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "अंडं चालतं का?" आई म्हणाली, "आमी माळकरी." डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग जरा अवघड आहे. जमवू." जमवलं ते आईनं. इंद्रायणीचा गिचका भात, मुगाच्या डाळीचं गाळलेलं वरण, साल आणि बिया काढलेला दुधी. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. घरात ठेचा वाटायला घेतला की मी मागच्या दारी जाऊन बसायची.

त्या वैशाखात गोळ्या कमी होत होत शेवटच्या अर्ध्या गोळीवर आल्या होत्या. पंधरा दिवस रक्त नव्हतं. ज्या गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं सुजवलं, त्या सुटणार होत्या. मला दुसरं काहीच नको होतं.

मामेबहिणीचा साखरपुडा होता. मी भाताचा डबा बरोबर घेतला होता. मांडवात शिरता शिरता आई पुटपुटली, "डबा भायेर काढू नको. पोरंवाली मान्सं आल्यात. आतडं नासलेली पोरगी कोन करंल?" डबा पिशवीतच राहिला. मी तिला काहीही बोलले नाही. सरपंचालाही न सोडणारी मी.

पंगत बसली. मामी वाढत वाढत आली. "अगं, तुजं पान रिकामं का?"

आई पटकन म्हणाली, "वैनी, तिनं गुरुवार धरलाय."

शेजारी एक म्हातारी होती. "धर बाई, धर. उपासानं नवरा चांगला गावतो म्हनत्यात. पर ही तर नवरा गावायच्या आदीच वाळली!" सगळी पंगत हसली. आई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण आमच्याकडं उपास आहे म्हटलं की त्या माणसाला कोणी तसंच उठू देत नाही. मामीनं भाताचं पातेलं दुसरीच्या हातात दिलं. "वन्सं, आदी सांगायचं की! साबुदाना भिजवलाय म्या सकाळीच. गुरुवारवालं कोन ना कोन असतंच."

पोटच्या पोरीचा साखरपुडा सोडून ती चुलीपाशी गेली. थोड्या वेळानं ताटली आली. वाफाळती खिचडी, वर तूप, मधे मधे हिरव्या मिरचीचे तुकडे, आणि शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं. "तुज्यासाटी कूट जरा जास्त टाकलंय. भाषनं करती, ताकद नको व्हय?" कमरेवर हात ठेवून ती समोर उभी राहिली. मनगटाजवळ कढईचा ताजा चटका होता.

मी आईकडं बघितलं. आई स्वतःच्या पानात बघत होती. मला हे चालत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी खाल्लं. ताटली पुसून खाल्ली. मामी खूश झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त आलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काही वेगळं खाल्लं का?" आई म्हणाली, "काय न्हाई." मीही मान डोलावली. गोळ्या अर्धीवरून परत आठवर गेल्या. मग न राहवून एकदा मी एकटीच जाऊन त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, एका ताटलीवर खापर फोडता येणार नाही, गोळ्या कमी करतानाही हा आजार उलटतो. म्हणजे मामीचा दोष होता की नव्हता, तेही आता कधी कळणार नाही.

मामेबहिणीचं लग्न रविवारचं ठरलं. आई म्हणाली, "रविवार धरलाय म्हनू." मी उठले, अंगणात जाऊन मामीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, रक्त, खोटा गुरुवार.



"मंग म्या हुबी ऱ्हाऊन तुला इख खायला लावलं म्हन की."

"तसं नाही, मामी."

"एका शब्दानं सांगायचं न्हाई व्हय गं? मऊ भात शिजला व्हता की. बारक्या पोरांसाटी. पातेलंभर."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. आई मला वाढते, माझ्याशी बोलत नाही. लग्नाला जाईन की नाही, माहीत नाही. रक्त अजून थांबलेलं नाही.

आता तुम्हाला सांगते. तुमच्या घरात अशी एखादी असेल, तर तिचा उपास सांगू नका. पुढच्या पंगतीत वाढणारीला थांबवा आणि आजाराचं नाव घ्या. कुजबुजू नका. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं घ्या.