लवूची बारी

लवू घाडीचं कौतुक करायला मला सांगू नका. मी करणार नाही. पण लवूबद्दल लालबागच्या आमच्या चाळीत माझ्याइतकं कोण बोलणार? भिंतीला भिंत लागून आमच्या खोल्या. आणि त्याचा हेवा मी जितका मन लावून केलाय, तितका कधी रियाझसुद्धा केला नाही.

लवू मंडळांना स्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात कामाला होता. आठवडाभर वायरी जोडायच्या आणि रविवारी 'नाइट फर्नेस' नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायची. बँड हेवी मेटलचा. पण मेटल कसलं, तर ऐंशी-ब्याऐंशी सालचं! मी सांगतोय ती गोष्ट गिरण्यांच्या संपाला वीसेक वर्षं उलटून गेल्यावरची. आणि हे घोडे अजून तंग जीन्स घालून, खांद्यापर्यंत केस सोडून, मनगटाला चामडी पट्टे बांधून फिरायचे. त्या पट्ट्यांवर परळच्या चपला शिवणाऱ्याकडून खिळे ठोकून घेतले होते. कुत्र्याच्या गळपट्ट्याचे खिळे होते ते, मी स्वतः पाहिलेत.

गाणी तो स्वतःच लिहायचा, नाही असं नाही. पण गिटारचा आवाज, ती किंचाळी, तो ठेका, सगळं वीस वर्षांपूर्वीचं, विलायतेहून आलेलं. आणि लोकांना तेच आवडायचं! पहिल्याच गाण्याला पब्लिक माना हलवायला लागायचं. कॉलेजवाले बोलवायचे, दादरला एकदा तर हॉलबाहेर गर्दी झाली. मी मागे उभा राहून बघत होतो. शेवटच्या गाण्यापर्यंत नजर लवूच्या बोटांवर.

कारण माझाही बँड होता. 'भोंगा'. मराठी शब्द, आपले विषय, सगळं अस्सल. कॉटन ग्रीनच्या गोदामात दिवसभर गोणी मोजून संध्याकाळी मी तिथेच गिटार घेऊन बसायचो आणि ठरवायचो, कोणाचंही उष्टं घ्यायचं नाही. आमच्या कार्यक्रमाला कोण यायचं? ड्रमवाल्याचा मेहुणा. आणि तोसुद्धा मध्येच चहा प्यायला जायचा.

एकदा नाक्यावर कटिंग पिताना मी लवूला तोंडावर म्हटलं, "लाज नाही वाटत रे? दुसऱ्याचे जुने कपडे घालून मिरवतोस. तुमच्यासारख्यांमुळे नवीन काही उभंच राहत नाही."

तो हसला. त्याचं ते हसणं, डोक्यात जायचं अगदी. "गंग्या, चाल जुनी असली तर काय झालं? आपले भजनी बुवा काय करतात? ओळखीची चाल धरतात, मग त्यातून आपली वाट काढतात. तू पहिल्या सुरापासून इतकं नवीन करतोस की माणसाला धरायला काही मिळतच नाही."

"वाट? तू कधी काढलीस वाट?"

त्यावर त्याने दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि निघाला. मला वाटलं, बरी जिरवली.

भजनी बुवांचं त्याने काढलं ते उगाच नाही. त्याचे वडील धोंडूबुवा गिरणीत मागावर काम करणारे साचेवाले, आणि डबलबारीत त्यांचं नाव होतं. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. पहिल्याने गायचं, टोमणे मारायचे, दुसऱ्याने आपली बारी, म्हणजे पाळी, आली की त्यातूनच उत्तर द्यायचं. ओळखीची चाल चालते, पण समोरच्याने कोणाची चाल स्वतःची म्हणून खपवली असं पकडलं, की संपलं. त्या बुवाला पुढे कुठे तोंड दाखवायला जागा नाही. संपात गिरणी बंद पडली तेव्हा धोंडूबुवा दिवसभर घरीच, पखवाज घेऊन गात. लवूला तेवढी दोन वर्षं मालवणला आजीकडे पाठवलं होतं. चुलीवर चढवायला काही नव्हतं, कितीतरी घरांतली पोरं तेव्हा अशीच गावी गेली. तो परत आला तोवर बुवांचा आवाज बसला होता. पुढे त्यांनी गाणं सोडलंच, आणि थोड्या वर्षांनी गेले.

तर त्या वर्षी चाळीच्या सत्यनारायणाच्या पूजेला कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, या वेळी बुवा नकोत, आपल्याच दोन बँडांची डबलबारी लावा. 'भोंगा' विरुद्ध 'नाइट फर्नेस'. म्हातारी माणसं खो-खो हसली, पण तयार झाली. मी महिनाभर झोपलो नाही नीट. माझ्या चाळीसमोर, माझ्या माणसांसमोर एकदा दाखवून द्यायचं होतं, की अस्सल कोण आणि नकल्या कोण. मला दुसरं काही नको होतं.

पहिली बारी माझी आली. दिवेलागणीची वेळ, मधल्या चौकात चटया, गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. पुढेच लवूची आई सुभद्राकाकी पाय लांब करून बसलेली. रिवाजाप्रमाणे मी टोमणा मारला, आणि रिवाजापेक्षा जास्त मारला. "आमचे लवूबुवा म्हणजे झेरॉक्सचं दुकान! इतक्या वर्षांत एक सूर स्वतःचा काढला असेल तर इथे येऊन दाखवावा. आता ऐका, अस्सल माल कसा असतो!"

आणि मी माझं सगळ्यात लाडकं गाणं काढलं. त्यातली गिटारची ती फिरून फिरून येणारी ओळ एक दिवस अशीच बोटांत आली होती, कुठूनही न घेतलेली. माझ्या आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच.

दोनदा वाजवली असेल. सुभद्राकाकी सरळ होऊन बसली. तिने टाळी धरली, आणि गिटारच्या वर, त्या कर्कश आवाजावर, तिच्या फाटक्या गळ्यातून गजर उठला:

"भोंगा वाजेना, दार उघडेना, विठू माझा गेटावर उभा..."

सुरात सूर. एक मात्रा इकडे-तिकडे नाही. गॅलरीतून जुने गिरणीवाले उठले, कोणी टाळ आणले, सगळी चाळ गाऊ लागली. "ह्यो गजर आमच्या ह्यांचो!" काकी रडत ओरडली. "संपात केल्यानी हुतो!"

माझे हात वाजवतच होते. संपाच्या दिवसांत भिंतीपलीकडून दहा वर्षांच्या मला दिवसभर ऐकू येणारा तो पखवाज एकदम आठवला, आणि त्यावर गाणारे बुवा आठवले. माझी ओळ बुवांची होती. एवढंच काय, बँडचं नावसुद्धा बुवांचं होतं! आणि हे मी कोणासमोर वाजवलं होतं? त्यांच्या मुलासमोर, त्याला नकल्या म्हणून.

गाणं थांबलं. माणसं लवूकडे बघायला लागली. आता त्याची बारी. एक वाक्य पुरे होतं. मी असतो तर दहा बोललो असतो. मान खाली घालून मी त्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो.

लवू माइकजवळ आला. गिटार त्याने स्टँडला टेकवली.

"गंग्या, ह्येचो पुढचो अंतरो येता तुका?"

मी मान डोलावली. मला येत होता. आता सगळंच येत होतं.

"माका नाय येत," तो म्हणाला. माइक चालू होता, पण तो माझ्याशीच बोलत होता. "मी गावाक होतंय. मगे बाबांनी तो कधी म्हणाक नाय, आणि आयेक आठवता तितक्याच. किती खटपट केलंय, माझ्या हातात बसाक नाय तो." मग त्याने लोकांना हात जोडले. "माझ्याकडे उत्तर नाय. माझी बारी गेली."

डबलबारीत उत्तर न देणारा हरतो. जिंकणाऱ्याचा मान म्हणून पूजेचा नारळ माझ्या हातात आला. इतकी वर्षं मला लवूवर हाच विजय हवा होता.

"वाजव ना," लवू म्हणाला. त्याने कोणाकडून तरी टाळ मागून घेतले आणि आईच्या बाजूला चटईवर बसला. मी पुढचा अंतरा काढला. मध्येच वर बघितलं, तर तो माझ्या बोटांवरून नजर काढत नव्हता. तशी नजर मी लगेच ओळखतो. दादरच्या त्या हॉलमध्ये मागे उभा राहून मी त्याच्याकडे तसाच बघत होतो.