पडून पाहिलेली खिडकी

घरामागे विटांची बुटकी भिंत आणि वर काचा, अशी झाडांसाठी खोली बांधायचं आम्ही ठरवलं. जुन्या खिडक्या बघायला मी साताऱ्याबाहेरच्या एका भंगारवाल्याकडे गेले. तिथे विटांचे थर रचून त्यावर एक खिडकी झाडाला टेकवलेली होती आणि समोर साठीची एक बाई पोत्यावर आडवी पडली होती. चक्कर आली असेल म्हणून मी धावले.

"काय झालं न्हाई मला," ती पडूनच म्हणाली. "आमचं मालक अंथरुणाला खिळल्यात. त्यांच्यासाठी काचंची खोली बांधतोय. ताई, जरा पलीकडं हुब्या ऱ्हाता का?"

मी पलीकडे गेले.

"नुस्तं डोस्कंच दिसतंय!" म्हणत ती उठली. आम्ही दोघींनी मिळून विटांचे दोन थर काढले. काच पदरानं पुसून ती पुन्हा आडवी झाली.

"आता दिसताय. आमच्या दारचा रस्ता बी असाच दिसंल."

"रस्ताच कशाला? बाग का नको?"

"आवं, बाहेर कोण चाललंय ते रोज मी त्यांस्नी सांगतीया. लय वर्सं झाली. आता त्यांनी मला सांगावं."

ती खिडकी तिनं घेतली आणि टेम्पोत स्वतः धरून बसली. तिचं गाव विचारायचं राहून गेलं. त्या खोलीतून त्यांनी तिला सगळ्यात आधी कोण चाललंय म्हणून सांगितलं असेल, याचं कुतूहल मला अजून आहे.