मागच्या दाराचं पितळी हँडल

तुम्ही गाडीत बसला आहात, किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे आणि त्यानं जाता जाता बाहेरून गाडी लॉक केली. तुम्हाला आतून दार उघडता येईल का? नक्की माहीत आहे, की 'येईल बहुतेक' म्हणताय?

'येईल बहुतेक' असंच माझे अप्पामामाही म्हणाले असते. पन्नास वर्षं लेथवर काम केलेला, कुलपं आणि बिजागऱ्या बोटांनी ओळखणारा माणूस. पाच आठवड्यांपूर्वी मी मार्केट यार्डात हमालांना प्यायला पाणी मिळावं म्हणून पत्रकं वाटत होते, तेव्हा मामीचा फोन आला. "अगं, लेथपाशीच बसले होते… हाक मारली, उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. हातात शंभरेक पत्रकं होती. ती कुणाला द्यावी हे सुचेना. शेवटी कांद्याच्या एका गोणीवर ठेवली आणि कसबा पेठेची रिक्षा पकडली.

मामांचं छोटं वर्कशॉप कसब्यातल्या एका बोळाच्या तोंडाशी. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लांब, काळी, जुनी इंग्रजी गाडी उभी असे. ती पूर्वी एका कारखानदाराची होती. तिचे सुटे भाग विलायतेहून येईनासे झाले तेव्हा मामा ते लेथवर घडवून द्यायचे. शेठ म्हातारे झाले, त्यांच्या मुलांना गाडी नको होती, तेव्हा "ही तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही" म्हणून त्यांनी ती मामांनाच देऊन टाकली. मामांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी भेट आणि सगळ्यात मोठी बेडी. तेल गळायचं, म्हणून गाडीखाली मामीची कणकेची परात कायमची गेली. पावसाळ्यात वायरिंग दमट व्हायचं, म्हणून पावसाळ्यात गावाला जाणं बंद. घाटात हमखास तापायची. वर्षातून चार-पाच वेळा बाहेर निघायची, तेव्हा अख्खा बोळ आरडाओरडा करायचा, "अप्पांची राणी निघाली, स्कूटरी काढा!" आत बसलं की चामड्याचा आणि जुन्या लाकडाचा वास येतो म्हणे. म्हणे, कारण मी कधी बसले नाही.

माझे बाबा कामगार संघटनेचे. आमच्या घरी शाळेच्या वह्यांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची असायची, त्यामुळे पाढ्यांच्या आधी मला मागण्या पाठ झाल्या. बाबा त्या गाडीला 'शेठची गाडी' म्हणत आणि तिच्यात बसत नसत. मीही बसायची नाही. अकरा वर्षांची असताना मी मैद्याची खळ करून तिच्या पुढच्या काचेवर बाबांचं एक पत्रक चिकटवलं होतं. मामांनी ते उभं राहून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "खळ उत्तम जमलीय. मुद्दे जरा पातळ आहेत." मग ब्लेडनं सगळं खरवडलं, एक कोपरा मात्र ठेवला. तेव्हापासून मी त्यांची 'कॉम्रेड' झाले. वर्कशॉपात शिरले की त्यांचा पहिला प्रश्न, "काय कॉम्रेड, आज कुणाचा निषेध?" मी मूठ वर करायची, तेही तेलकट मूठ वर करायचे. हाच आमचा नमस्कार.

गेल्या वर्षी मामांचा मुलगा निखिल यानं नवी गाडी घेतली. त्याच इंग्रजी कंपनीची. निखिल आयटीत आहे, कष्टाचे पैसे आहेत त्याचे, बापाला आवडेल म्हणूनच त्यानं ती घेतली. मामांना आवडलीही. "पाण्यानं भरलेला पेला ठेव, थेंब सांडणार नाही. आपल्या राणीत तर पेलाच सांडेल," असं ते कौतुकानं सांगायचे. पण खंडेनवमीला अडचण आली. मामांची रीत अशी, की त्या दिवशी हळद-कुंकू गाडीच्या बाहेर लावायचं नाही. बॉनेट उघडायचं आणि ज्या भागाला वर्षभर आपला हात लागला, त्याला लावायचं. राणीच्या इंजिनावर सतरा ठिकाणी कुंकू लागायचं. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत एक मोठं काळं प्लॅस्टिकचं झाकण. मामा ताम्हण हातात घेऊन म्हणाले, "लावू कुठे? या झाकणाला? माझी-त्याची ओळख नाही." निखिल हसला, म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा आत, मी मंडईतून झेंडूचा हार घेऊन येतो."

बोळात ती रुंद गाडी शिरत नाही, म्हणून मंडईजवळ रस्त्यावर उभी केली होती. निखिलनं ऑफिसच्या पार्किंगमधल्या सवयीनं जाता जाता किल्लीचं बटण दोनदा दाबलं. त्या गाडीत दोनदा दाबलं की आतली हँडलंही मरतात. चोरानं काच फोडून दार उघडू नये म्हणून ही सोय. मामांनी हँडल ओढलं, काच खाली करायचं बटण दाबलं, दुसरं दार पाहिलं… काही नाही. फोन घरी. गाडीला आत कुणीतरी हलतंय एवढं कळलं आणि ती बोंबलायला लागली. एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "अहो आजोबा, नवी आहे हे समजलं आम्हाला, आता बंद करा!" आणि पुढे गेले. हे मामाच नंतर हसून सांगायचे. भोंगा थोड्या वेळानं आपोआप थांबला.

त्यानंतरचं मामांनी कुणाला सांगितलं नाही. म्हणून ते मला सांगायला हवं.

मी मंडईत लिंबं घ्यायला आले होते. ती चकचकीत गाडी दिसली आणि तिच्यात पुढे बसलेले मामा दिसले. चार-पाच पावलांवर होते मी. त्यांनी मला पाहिलं. एक तळवा काचेवर आपटला, दुसऱ्या हातानं 'ये, ये' केलं. तोंड हलत होतं, आवाज मात्र येत नव्हता. काच फार चांगल्या प्रतीची होती. तळवे लाल दिसले. पूजा उरकलेली दिसतेय, असं मला वाटलं. आणि वाटलं, बोलावतायत. बघ ग कॉम्रेड, बस एकदा, असं म्हणतायत. मला राग आला. शेठच्या जुन्या गाडीत बसले नाही, ती या नव्या गाडीत बसेन? मी आमचा नेहमीचा नमस्कार केला. मूठ वर केली आणि वळून चालू लागले.

निखिल पाऊण तासानं आला. मामा घामानं भिजलेले, ताम्हण पायाशी उपडं, आणि काचेवर आतून कुंकवाचे पंजे. मामीनं संध्याकाळी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या हातात लिंबाचं सरबत होतं.

आठवड्यानं मी वर्कशॉपात गेले. कबूल करायचं ठरवूनच गेले होते. मामा लेथवर पितळेचा तुकडा लावत होते. राणीच्या मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल वर्षानुवर्षं तुटलेलं होतं. ते दार बाहेरूनच उघडायला लागायचं आणि मामांचं त्यावाचून कधी अडलं नव्हतं. वर न बघता त्यांनी विचारलं, "त्या दिवशी घाईत होतीस का ग?"

"हो मामा. मोर्चा होता."

मोर्चाबिर्चा काही नव्हता. मशीनचा आवाज सुरू झाला. मग त्या आवाजातच म्हणाले, "बरं." आणि थोड्या वेळानं, "मागे बसणाऱ्याला आतून उघडता आलं पाहिजे. कधी बसलीसच, तर असू दे." यानंतर मी सहा-सात वेळा त्यांना भेटले. दर वेळी वाक्य तोंडाशी यायचं. दर वेळी ते विचारायचे, "आज कुणाचा निषेध?" आणि मी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगायची. अन्यायाविरुद्ध ओरडायला मला माईक लागत नाही. पण एका म्हाताऱ्या माणसाला 'मी थांबले नाही' एवढं सांगायला घसा बसला होता. आता ते वाक्य माझ्यातच अडकलंय आणि ते उघडायला बाहेर कुणी नाही.

तेराव्यानंतर मी शेडमध्ये गेले. काचेवर त्या पत्रकाचा कोपरा अजून आहे, 'कामगा' एवढीच अक्षरं उरलीत. मागचं डावं दार उघडून मी पहिल्यांदा आत बसले. खरंच चामड्याचा वास येतो. दार ओढून घेतलं, काचा बंद. क्षणभर हवा पुरेना… चाचपत हात फिरवला तर पितळेचं हँडल बोटांना लागलं. बोटं बसतील अशा खोलगट खाचा त्यांनी त्याला दिल्या होत्या. हलकंसं ओढलं. खट् झालं आणि बोळातली हवा आत आली.

एक काम करा. आजच, हा मजकूर वाचून झाल्यावर, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तुमच्या गाडीत बसवा, किल्लीचं बटण दोनदा दाबून बाहेरून लॉक करा आणि त्यांना आतून दार उघडता येतं का बघा. येत नसेल, तर किल्ली त्यांच्या हातात दिल्याशिवाय गाडीपासून हलू नका. आणि रस्त्यात कुणी काचेआडून हात हलवत असेल, तर मूठ खाली घ्या. जवळ जा. ऐका.