चूल नसताना भाताचा वास

ओतूरच्या एसटी स्टँडवर आईने सगळ्यांदेखत माझं डोकं धरलं आणि टाळूचा खोल वास घेतला. मेंढीने कोकराचा घ्यावा तसा. कंडक्टर म्हणाला, "मावशे, हुंगून तिकीट मिळत न्हाई, हां!"

"गप रं. लेकीचा वास ठिवून घेतीया."

मी पुण्याच्या एका औषध कंपनीत केमिस्ट म्हणून निघाले होते. अंगाला मेंढरांचा वास! फ्रान्सला जाऊन अत्तरं बनवशील, असं कोणी सांगितलं असतं तर कंडक्टरच्या आधी मीच हसले असते.

गावी राहिले त्यांना हे सांगायला नको. माझ्यासारखे निघून गेलेले कदाचित विसरले असतील. बिबट्या हद्दीवर मुतला की वाफाळत्या आंबेमोहोर भाताचा वास सुटतो. मेंढरं चारताना आई बजावायची, "चूल दिसंना अन् भाताचा वास आला, तर म्होरं जायाचं न्हाई." पुढे लॅबमध्ये कळलं, दोन्हींत रेणू एकच. मी आनंदाने किंचाळले. साहेबांना वाटलं, हात भाजला.

इथे फ्रान्समध्ये बाकीचे अत्तर रचायला घेतात ते फुलापासून. मी नाटकी बाई, मला ज्याची भीती वाटते तिथून सुरू करते. आधी भीती, मग तिच्याभोवती ओलं गवत, लोकर, धूर. माझं सर्वांत खपलेलं अत्तर त्या भातावरच उभं आहे. बायका मानेला लावून म्हणतात, "किती उबदार!" मी मान डोलावते आणि हळूच मागे वळून बघते.

गेल्या हिवाळ्यात आईला ताप आला आणि नाकाला वास येईनासा झाला. "कायबी येत न्हाई गं. च्या न्हाई, लेंड्या न्हाई." तरी मेंढरं सोडेना. घरामागे ऊस, उसात बिबट्या, आणि आई त्याच बांधाने हिंडणार. नावाजलेलं नाक माझं, पण फोनमधून वास येत नाही. मी जेवताना घाबरायचे, मीटिंगमध्ये घाबरायचे.

रोज हुंगायला लावलं की नाक कधीकधी पुन्हा शिकतं. मी त्याच भाताच्या वासाची बाटली करून पाठवली. आई रोज फोनवर हुंगायची.

"आला का?"

"न्हाई. पाणी भरून पाठीवलंस का काय?"

परवा संध्याकाळी मेंढरं कोंडून ती अंगणात बोलत बसली होती. मध्येच थांबली.

"आला गं! भात!"

मी खुर्चीवरून उठून नाचलेच. "बाटली लांब धर, हळू हुंग!"

"बाटली? ती तर आत फळीवर हाय. चूलबी पेटिवली न्हाई अजून."



"आई, आत जा."

चपला फरफटल्या. दार आपटलं. मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी कडीचा खट्ट आवाज.

"लई भ्याले गं," ती धापा टाकत म्हणाली, आणि हसायला लागली.

घर म्हणजे काय, असं इथे कोणी विचारलं की मी आधी झकास काहीतरी रचून सांगायचे. आता ती कडी आठवते. ती लागेपर्यंत मी श्वासच घेतला नव्हता. आणि श्वास घेणं हा तर माझा धंदा.